भाड्याचं घर घेताना कागद किती द्यायचे आणि कुणाला: पुण्यातल्या भाडेकरूंसाठी

पुण्यात फ्लॅट बघायचा म्हणून एजंटला फोन केला की पहिला प्रश्न येतो, "फॅमिली की बॅचलर?" लगेच दुसरं वाक्य: "आधार, पॅन आणि सॅलरी स्लिप व्हॉट्सॲप करून ठेवा." घर अजून पाहिलेलं नसतं, मालक कोण ते माहीत नसतं, आणि तीन कागद आधीच निघून गेलेले असतात. वाकड ते खराडी पाच-सहा एजंट फिरलात तर तुमचा पॅन नंबर पाच-सहा अनोळखी फोनच्या गॅलरीत कायमचा जाऊन बसतो.

अमेरिकेत भाडेकरूंची माहिती विकणाऱ्या कंपन्या आहेत, म्हणून तिथे त्यावर बंधनंही आहेत. कॅलिफोर्नियात घर खाली करण्याच्या दाव्याची नोंद, मालक ६० दिवसांत जिंकला नाही तर, सर्वसामान्यांना दिसत नाही. आपल्याकडे अशी एकत्र यादी नाही. पण भाडेकरूची माहिती तीन ठिकाणी सापडते: नोंदणी विभागाची इंडेक्स टू (नोंदवलेल्या करारांची सूची), न्यायालयाचं संकेतस्थळ आणि एजंटांचे व्हॉट्सॲप ग्रुप. पहिली दोन कायद्यानेच उघडी आहेत. तिसऱ्याला कायदाच माहीत नाही.

टोकन देईपर्यंत काय सांगायचं

नाव, कुठे काम करता, किती जण राहणार, कधीपासून, आणि बजेट. घर दाखवायला एवढं पुरतं. सोसायटीच्या गेटवर नाव आणि मोबाइल नंबर लागेल, तो द्या. "ओनर आधी प्रोफाइल बघतात" असं एजंट म्हणाला तर एवढंच लिहून पाठवा, कागद नकोत. जात, गाव, लग्न कधी करणार याची उत्तरं द्यायला तुम्ही बांधील नाही. मालक त्यावरून नाही म्हणाला तर त्याला अडवायला सरळसोट कायदा हाताशी नाही हेही खरं, पण ती माहिती लेखी देऊन ठेवायचं काहीच कारण नाही.

घर पसंत पडलं, मालकाशी स्वतः बोलणं झालं, भाडं-डिपॉझिट ठरलं, की मगच ओळखपत्र. त्याआधी तुम्हीच मालकाच्या नावाचं वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती मागा. खरा मालक दाखवतो. "मी लष्करात आहे, बाहेरगावी पोस्टिंग आहे, गेटपाससाठी आधी पैसे आणि आधार पाठवा" हा जुना फसवणुकीचा प्रकार आहे आणि अजून चालतो.

आधारचा कागद

देताना मास्क्ड आधारच द्या. माय-आधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपीने आत जा, 'डाउनलोड आधार' उघडा आणि 'मास्क्ड आधार हवं का' यापुढच्या चौकटीत खूण करा. येणाऱ्या पीडीएफवर पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. फाइलचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं वर्ष. म्हणून पूर्ण आधारची फाइल "पासवर्ड आहे, काळजी नाही" म्हणून पाठवण्यात अर्थ नाही. ज्याला तुमचं नाव आणि वय माहीत आहे त्याला पासवर्डही माहीत आहे.

मास्क्ड प्रत चालत नाही असं एजंट ठामपणे सांगेल. त्याला विचारा, कशासाठी चालत नाही? ऑनलाइन नोंदणीत आधार क्रमांक लागतो, पण तो त्या वेळी सिस्टीममध्ये टाकायचा असतो, त्यासाठी एजंटच्या फोनमध्ये फोटो असण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खासगी व्यक्ती-कंपन्यांना आधार सक्तीने वापरू देणारी तरतूद रद्द केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ऑफलाइन पडताळणी तुमच्या मर्जीची आहे आणि तशी पडताळणी करणाऱ्याने आधार क्रमांक साठवून ठेवायचा नाही. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना दाखवायला हरकत नसते.

झेरॉक्स द्यायची वेळ आली तर रिकाम्या कोपऱ्यात लिहू नका, तो कोपरा कापून परत झेरॉक्स काढता येते. फोटोच्या कडेपासून मजकुरावरून जाणाऱ्या दोन तिरप्या रेघा मारा आणि त्यांच्या मध्ये लिहा: "फक्त कर्वेनगर येथील फ्लॅटच्या भाडेकरारासाठी, श्री. अमुक यांना दिली", तारीख, सही. अक्षरं छापील मजकुरावर थोडी चढली पाहिजेत, पण नाव आणि फोटो वाचता येईल इतपतच. निळ्या शाईचं पेन घ्या, म्हणजे मूळ सही कुठली आणि झेरॉक्सची झेरॉक्स कुठली ते कळतं.

गळतीची एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही: झेरॉक्सचं दुकान. आपण फाइल दुकानाच्या व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर टाकतो, दुकानदार ती डाउनलोड करून प्रिंट देतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरचं डाउनलोड फोल्डर कधी पाहिलंत तर अख्ख्या पेठेची ओळखपत्रं तिथे ओळीने पडलेली दिसतील. पैसे देण्याआधी "दादा, एवढी फाइल उडवा, आणि रीसायकल बिनमधूनही" म्हणा आणि उडेपर्यंत उभे राहा. मेलने पाठवली असेल तर त्यांच्या इनबॉक्समधूनही काढायला लावा.

व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल 'सर्वांसाठी डिलीट' करायला साधारण अडीच दिवस मिळतात. त्यानंतर ती तुमच्या हातात नाही. आणि त्याआधी डिलीट केली तरी समोरच्याने गॅलरीतून फोटोंचा बॅकअप घेतला असेल तर तिथली प्रत राहतेच. त्यापेक्षा ड्राइव्हवर ठेवून फक्त त्या माणसाला बघण्याची परवानगी द्या, डाउनलोड बंद ठेवा, काम झालं की परवानगी काढा. स्क्रीनशॉट अडत नाही, पण सहज फॉरवर्ड होणं थांबतं.

पगार आणि सिबिल

मालकाला कळायला हवं ते एवढंच: भाडं दर महिन्याला येईल का. त्यासाठी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट देणं म्हणजे कुठल्या डॉक्टरकडे जाता, कुणाला पैसे पाठवता, किती हप्ते आहेत हे सगळं उघडं करणं. कंपनीच्या लेटरहेडवरचं 'नोकरीत आहेत' असं पत्र किंवा एका महिन्याची सॅलरी स्लिप पुरते. स्लिपवरचा पॅन, यूएएन (पीएफचा क्रमांक) आणि खाते क्रमांक झाका. झाकताना फोनमधला हायलायटर वापरू नका: तो अर्धपारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे दिसतात. पीडीएफवर काळी चौकट ठेवली तर ती उचलून बाजूला करता येते. घट्ट काळा रंग भरा, मग त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो पाठवा.

सिबिल स्कोअरची मागणी आता बाणेर-बालेवाडीकडे ऐकू येते. भारतात चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो कर्जांचा आणि कार्डांचा असतो. कुठल्या जुन्या मालकाशी वाद झाला होता हे त्यात येत नाही. साधा घरमालक तुमचा अहवाल परस्पर काढू शकत नाही, म्हणून तो तुमच्याकडूनच मागतो. द्यायचाच झाला तर स्कोअर आणि तारीख असलेलं पहिलं पान दाखवा. पुढच्या पानांवर तुमचे सगळे जुने पत्ते, फोन नंबर आणि खाती असतात.

पॅनचं मात्र दोन्हीकडून असतं. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर एचआरएसाठी मालकाचा पॅन तुम्हाला लागतो, आणि महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तर टीडीएससाठीही. मालक तुमचे कागद सांभाळेल अशी अपेक्षा असेल तर त्याचा पॅनही ऑफिसच्या ग्रुपवर फिरवू नका.

करार, थंब आणि इंडेक्स टू

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचा असो वा तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. "नोटरी करू, तुमची माहिती कुठे जाणार नाही" असं कुणी म्हणालं तर गोपनीयता थोडी राखली जाईल, पण हातातला पुरावा जाईल. तो सौदा करू नका.

नोंदणी झाली की इंडेक्स टू तयार होते. त्यात दोन्ही पक्षांची नावं, वय, पत्ता, मिळकत, भाडं आणि डिपॉझिट असतं. बऱ्याच जुन्या इंडेक्सवर पॅनही छापलेला आढळतो. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे ही सूची कुणीही पाहू शकतो, आणि नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मिळकतीच्या तपशिलावरून किंवा दस्त क्रमांकावरून ती घरबसल्या मिळते. ती लपवता येत नाही. कमी माहिती जाईल एवढं मात्र बघता येतं. थंब (ऑनलाइन नोंदणीसाठी मशीनवर द्यायचा अंगठा) देण्याआधी मसुदा मागवा आणि तीन गोष्टी तपासा: आधारचा पूर्ण क्रमांक मजकुरात टाइप केला आहे का, तुमचा खासगी मोबाइल नंबर विनाकारण आला आहे का, आणि सोबत जोडलेल्या कागदांत काय काय आहे. एजंटला हे सगळं थंबच्या आधी बदलता येतं, नंतर नाही. शिवाय भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो, त्यामुळे चुकीची तारीख किंवा रक्कमही तेव्हाच पकडायची.

'इतर अटी'मध्ये हे कलम घालून घ्या (लायसेन्सी म्हणजे तुम्ही, लायसेन्सर म्हणजे मालक). बहुतेक मालक हरकत घेत नाहीत, कारण त्यांनी याचा कधी विचारच केलेला नसतो:

"लायसेन्सी यांनी दिलेली ओळखपत्रे, छायाचित्रे व उत्पन्नाची कागदपत्रे लायसेन्सर यांनी करारनोंदणी, पोलिसांना द्यावयाची माहिती व सोसायटीस सूचना एवढ्याच कामांसाठी वापरावीत, तिऱ्हाइतास देऊ नयेत, व करार संपून अनामत रकमेचा हिशेब पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत, नोंदणीकृत करार वगळून, नष्ट करावीत."

थंबच्या दिवशीची एक अडचण. तुम्ही आधारचं बायोमेट्रिक लॉक ठेवलं असेल (ठेवावंच) तर मशीन अंगठा नाकारतं, एरर ३३० येतो, आणि एजंट चारदा बोट पुसायला लावतो. बोटात दोष नसतो. ॲपमधून तात्पुरतं अनलॉक करा, पण मशीन जोडून झाल्यावर, कारण ते काही मिनिटांतच परत बंद होतं. काम उरकलं की आधारच्या ऑथेंटिकेशन हिस्टरीत जाऊन बघा: गेल्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते तारीख-वेळेसकट दिसतं. त्या दिवशी अपेक्षेपेक्षा जास्त नोंदी असतील तर विचारा.

पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे मालकाचं काम आहे. ती माहिती आहे, चारित्र्य पडताळणीचा दाखला नव्हे. "पोलीस व्हेरिफिकेशन सर्टिफिकेट आणा" म्हणून तुमच्याकडून वेगळे पैसे मागत असतील तर नेमकं काय हवंय ते आधी विचारा. ऑनलाइन फॉर्म भरताना आयुक्तालय तपासा: हिंजवडी आणि वाकड पिंपरी-चिंचवडकडे आहेत, कोथरूड आणि विमाननगर पुणे शहराकडे. चुकीच्या संकेतस्थळावर भरलं तर पोचपावती मिळते, पण खऱ्या पोलीस ठाण्याकडे नोंद नसते, आणि मग सगळे कागद दुसऱ्यांदा मागितले जातात. संदर्भ म्हणून दोन ओळखीच्यांची नावं द्यायची असतात. त्यांना आधी विचारा, तीही त्यांचीच माहिती आहे.

सोसायटीच्या नमुना उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. सभासदाने आगाऊ कळवायचं आणि कराराची व पोलिसांकडे दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. म्हणजे सोसायटीला कागद देणारा मालक, तुम्ही नव्हे. सेक्रेटरींना पॅन, सॅलरी स्लिप, ऑफिसचं आयडी यांची गरज नाही. ते भाडेकरूंची यादी नोटीस बोर्डावर लावत असतील तर तुमचं नाव आणि फ्लॅट नंबर पुरे, फोन नंबर काढायला लेखी सांगा. तोंडी सांगितलेलं पुढच्या चेअरमनपर्यंत पोचत नाही.

दावा झालाच तर

करार संपूनही घर सोडलं नाही तर मालक भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. मुदत संपल्यानंतर दुप्पट दराने भरपाई लागू शकते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह 'लढण्याची परवानगी' मागायची असते. इथे लोक हमखास चुकतात: घर तर सोडलंय, आता काय उत्तर द्यायचं, म्हणून समन्स बाजूला टाकतात. मग आदेश एकतर्फी होतो आणि कागदावर तुम्ही हरलेले भाडेकरू ठरता. एका पानाचं उत्तर आणि ताबा पावतीची प्रत दिली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

जुन्या भाडेकरारांचे, वाड्यांचे दावे लघुवाद न्यायालयात चालतात आणि ते ई-कोर्ट्सवर दिसतात. स्वतःचं नाव आधी स्वतः शोधा: ई-कोर्ट्स सर्व्हिसेसमध्ये महाराष्ट्र, मग पुणे जिल्हा, मग न्यायालय संकुल, मग 'पार्टी नेम', वर्ष, आणि 'पेंडिंग' व 'डिस्पोज्ड' दोन्ही. नाव इंग्रजीत दोन-तीन स्पेलिंगने टाका. पाटील, शिंदे, कुलकर्णी आडनावांना नामसाधर्म्याचा त्रास फार होतो: मालकाला यादीत तुमचं नाव दिसतं आणि तो फोन उचलणं बंद करतो. तुमचा संबंध नसलेल्या प्रकरणाचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा ओळख क्रमांक) लिहून घ्या, आदेशाची प्रत उघडा, त्यातला पत्ता वा वडिलांचं नाव वेगळं असेल ते पान मालकाला दाखवा.

प्रकरण तुमचंच असेल तर ते कसं संपलं यालाच सगळं वजन आहे. तडजोड करताना फक्त पैशांवर बोलू नका. 'दावा मागे घेतला', 'ताबा स्वेच्छेने दिला', 'परस्परांकडे काही येणं बाकी नाही' ही तीन वाक्यं तडजोडनाम्यात हवीत, आणि सही झाल्यावर प्रमाणित प्रत घ्या. पुढे कुणी विचारलं तर हेच पान दाखवायचं असतं.

निकालातून नाव झाकून मागता येतं, पण त्यावर फार भिस्त नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. तरी न्यायालयाच्या नोंदी उघड्या असण्याचं तत्त्वही तेवढंच जुनं आहे. मद्रास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एका निर्दोष सुटलेल्याचं नाव झाकायला आणि निकाल संकेतस्थळावरून काढायला सांगितलं, त्याला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्थगिती दिली. तिथे निर्दोष सुटलेला माणूस होता. भाड्याच्या वादात नाव झाकून मिळणं त्याहून अवघड. वकिलाची फी त्यापेक्षा तडजोडनामा नीट लिहून घेण्यात घाला.

घर सोडताना, आणि नंतर

ताबा पावती घ्या. एका कागदावर फ्लॅटचा पत्ता, ताबा दिल्याची तारीख व वेळ, किती किल्ल्या दिल्या, महावितरणच्या मीटरचं रीडिंग, गॅस मीटर असेल तर तेही, डिपॉझिटमधून काय कापलं आणि किती परत दिलं. खाली दोघांच्या सह्या. त्याच वेळी मालकाकडून दोन ओळींचं पत्रही मागा: अमुक काळ राहिले, भाडं वेळेवर दिलं. पुढच्या मालकाला बँक स्टेटमेंटऐवजी हे पत्र दाखवता येतं, आणि जुन्या मालकाचा फोन नंबर वाटत फिरावं लागत नाही.

मग गेटच्या ॲपमधून फ्लॅट काढून टाका. नाहीतर नव्या भाडेकरूच्या पाहुण्यांचे फोन तुम्हाला येत राहतात, आणि तुमचं नाव-नंबर तिथे तसंच राहतं. एजंटला, पीजीवाल्याला किंवा भाड्याच्या ॲपला मेल करा: "माझी खालील कागदपत्रे आपल्याकडे आहेत. ज्या कामासाठी दिली ते काम या तारखेस संपले. ती नष्ट करून तसे कळवावे." व्हॉट्सॲपपेक्षा मेल बरा, त्याची तारीख वादात येत नाही.

यामागे कायद्याचं बळ किती? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये माहिती बघण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि खोडून मागण्याचा हक्क आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. स्वतःच्या घरगुती कामासाठी माहिती ठेवणाऱ्या व्यक्तीला कायदा लागू नाही, त्यामुळे एकट्यादुकट्या मालकाविरुद्ध त्यावर विसंबू नका; त्याच्यासाठी करारातलं वरचं कलमच उपयोगी. सेवा देणाऱ्याने करार मोडून, तुमच्या संमतीशिवाय माहिती बाहेर दिली आणि नुकसान करायचा हेतू असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२-अ आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पंचवीस लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महारेराकडे (राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) मात्र भाड्याच्या एजंटची तक्रार नेऊन उपयोग नाही, तिथली एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारांची आहे.

कागदांचा गैरवापर झाल्याचा संशय असेल तर संचार साथी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा, अनोळखी नंबर तिथूनच बंद करायला कळवा. चारही पतमाहिती कंपन्यांचे फुकट अहवाल काढून न घेतलेलं कर्ज शोधा. पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार. तक्रारीला कोणती प्रत कुणाला कधी दिली होती ते जोडायचं असतं. रेघांमध्ये लिहिलेलं नाव आणि तारीख इथे उपयोगी पडतं: बाहेर सापडलेल्या झेरॉक्सवर कर्वेनगरच्या मालकाचं नाव असेल तर चौकशी कुठून सुरू करायची ते ठाणे अंमलदाराला विचारावं लागत नाही.